रिकाम्या चौकटीवरची सही

धोंडिबानं हँडबिल माझ्या टेबलावर ठेवलं, तळहातानं सपाट केलं आणि विचारलं, "सायेब, मी कवा मेलो?"

कामशेतच्या बाजाराचा दिवस होता. डिस्पेन्सरीच्या ओट्यावर औषधाच्या बाटल्या घेऊन पंधरा-वीस माणसं बसली होती. धोंडिबा रेल्वेत गँगमन होता, रुळांखालची खडी सारखी करणाऱ्या टोळीतला. कामावरचा खाकी सदरा अंगात तसाच होता, म्हणजे तो थेट लाइनीवरून आला होता. त्याच्या मागे दाराशी त्याची बायको हौसाबाई उभी होती. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

हँडबिलावरही हौसाबाईच होती. डोक्यावर पदर, मांडीवर तान्हं मूल. कपाळ मोकळं, गळा मोकळा, मनगटं मोकळी. खाली मोठ्या टाइपात ओळ होती : 'नाणे मावळातील एक निराधार विधवा. हिला आपण विसरणार काय?'

ते हँडबिल मी त्या क्षणी पहिल्यांदा पाहत होतो. आणि ते काढणं हेच माझं काम होतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. पुण्याच्या एका दैनिकात मी नऊ वर्षं उपसंपादक होतो. नंतर एका सेवा-संस्थेनं मला पब्लिसिटी सेक्रेटरी म्हणून घेतलं. संस्थेचं नाव देत नाही, ती आता राहिलेली नाही. कामशेतला तिचा फुकट दवाखाना होता आणि नाणे मावळात प्रसूतिगृह काढायचं चाललं होतं. पब्लिसिटी म्हणजे काय, हे तेव्हा घरच्यांनाही समजावून सांगावं लागे. संस्था काय करते ते लोकांना कळवायचं. वर्तमानपत्रांना मजकूर द्यायचा, अहवाल लिहायचा, हँडबिलं काढायची. ती वाचून लोकांनी मदत करावी, एवढी अपेक्षा. बातमीदारीपेक्षा हे काम सरळ असेल, असं मला वाटलं होतं.

हौसाबाईचा फोटो मीच काढवला होता. तिचं मूल हगवणीनं मरायला टेकलं होतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी ते वाचवलं. दोन महिन्यांनी बाई मूल दाखवायला आली तेव्हा मी विचारलं, फोटो काढला तर चालेल का? ती म्हणाली, घरी विचारून सांगते. पुढच्या बाजाराला ती हिरवं लुगडं नेसून, हातभर चुडा भरून, गळ्यातलं डोरलं पदराबाहेर काढून आली. सोबत धोंडिबाही होता. लोणावळ्याहून आलेल्या फोटोग्राफरनं तिला खुर्चीवर बसवलं. तिची नजर सारखी धोंडिबाकडे जाई. फोटोग्राफरनं अखेर धोंडिबालाच कॅमेऱ्यामागे उभं केलं. फोटो उत्तम आला. त्याखाली घालायची ओळ मी लिहून पुण्याला पाठवली : 'नाणे मावळातील एक माता व तिचे बरे झालेले मूल.'

आता तीच बाई दारात उभी होती. ती मोठ्यानं बोलली नाही.

"तुमी म्हनला नीट बसा. मी नीट बसले," ती म्हणाली. "चुडा माजा व्हता. शेजारनीचा घालून आले न्हवते. त्यो कुनी उतरवला?"

ओट्यावरच्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

प्रश्न नुसत्या अपमानाचा असता तरी पुरेसा होता. पण आठ दिवसांवर त्यांच्या थोरल्या मुलीचं, सोनीचं लग्न होतं. मुलगा टाकव्याचा. मुलाचा बाप गेनबा परवा कामशेतला आला होता. कामशेत स्टेशनच्या भिंतीवर त्यानं हँडबिल पाहिलं, ओळखीच्या कारकुनाकडून वाचून घेतलं आणि एक कागद सोडवून घरी नेला. संध्याकाळी त्याचा निरोप आला : उलगडा होईपर्यंत हळद दळू नका.

धोंडिबा तसाच टाकव्याला गेला. आपण जिवंत असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा, असं त्याला वाटलं. गेनबानं त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि सांगितलं, तुम्ही जिवंत आहात ते दिसतंय. पण मग मेला तो कोण?

बाहेरच्या वाचकाला इथे थोडं समजावून सांगायला हवं. मावळातल्या पुष्कळ शेतकरी घरांत विधवेचं दुसरं लग्न होतं. त्याला पाट म्हणतात. त्यात कुणी तोंड लपवत नाही. गेनबाचं म्हणणं साधं होतं. छापील कागदावर बाई विधवा आहे. समोर नवरा उभा आहे. म्हणजे हा नवरा पाटाचा. म्हणजे सोनी पहिल्याची. आणि ती पहिल्याची असेल तर तिचं देवक कोणतं? देवक म्हणजे कुळाची खूण, एखादं झाड किंवा पान. लग्नाच्या मांडवात ते बसवतात. ते बापाकडून येतं. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर मुलगा-मुलगी भाऊबहीण धरतात आणि लग्न होत नाही. गेनबा हुंड्यासाठी अडून बसला नव्हता. मेलेल्या माणसाचं देवक त्याला हवं होतं. तो माणूस आमच्या कचेरीत जन्मला आणि तिथेच मेला होता.

"गावाची साक्ष?" मी विचारलं.

"गाव आपल्या मानसाचीच बाजू घेनार, म्हनला," धोंडिबा म्हणाला. "कागद कुनाची बाजू घेत न्हाई, म्हनला."

मी दोन दिवसांची मुदत मागितली. धोंडिबानं हँडबिल घडी करून खिशात घातलं. जाताना म्हणाला, "गँगवर आता मला 'कैलासवासी' म्हनत्यात. हसत्यात. मीबी हसतो. पर हिनं परवापासनं भाकर खाल्ली न्हाई."

माझ्याकडून काय झालं होतं, तेही सांगतो. पान छापण्याआधी छापखाना त्याची कच्ची प्रत काढतो, ती म्हणजे प्रूफ. प्रूफ तपासून जबाबदार माणसानं सही केली की मशीन सुरू होतं. या हँडबिलाचं प्रूफ लोणावळ्याला माझ्या बिऱ्हाडी आलं तेव्हा मजकूर जुळला होता, पण चित्राच्या जागी रिकामी चौकट होती. चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'ब्लॉक व खालची ओळ मागाहून.' वर्तमानपत्रात हे रोज चालतं. ब्लॉक उशिरा येतो, मशीन थांबवता येत नाही. मी मजकुरातल्या चार चुका काढल्या आणि सही केली. नंतर आठ दिवस मी पवनेकडच्या गावांत माहिती गोळा करत होतो. गठ्ठे पुण्याहून परस्पर स्टेशनांवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला ब्लॉकमेकरकडे गेलो. ब्लॉक म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर बारीक ठिपक्यांनी उतरवलेलं चित्र. शाई लावून त्याचे हवे तेवढे छाप काढता येतात. ब्लॉक करण्याआधी मूळ फोटोवर ब्रशनं थोडं काम करतात. धूसर भाग उजळ करायचा, डाग बुजवायचा. त्याला रिटचिंग म्हणतात. आमच्या ब्लॉकमेकरकडे हे काम करणारा एक म्हातारा कारागीर होता. त्याला मी हँडबिल दाखवलं. त्यानं कपाटातून मूळ फोटो काढला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या काढणे. लुगड्याची किनार पुसणे.' अक्षर आमच्या ऑनररी सेक्रेटरींचं होतं.

"मला वाटलं, बाईंचे यजमान मधल्या काळात गेले," कारागीर म्हणाला. "मी हात जोडून मगच ब्रश लावला."

फोटो सुलट केला. कपाळावर करड्या रंगाचा गुळगुळीत ठिपका होता. काम सफाईचं होतं. मी विचारलं, हे परत निघेल का? त्यानं कापसाचा बोळा पाण्यात भिजवला, पिळला आणि कपाळावरून हलकेच फिरवला. रंग पाण्यातला होता. बोळा करडा झाला आणि खालून कुंकू वर आलं. मग डोरलं, मग एकेक बांगडी. त्यानं बोळा टाकून दिला आणि हात धुतले.

तो फोटो घेऊन मी लोणावळ्याला उतरलो. आमचे सेक्रेटरी पुण्यात वकिली करत आणि आठवड्याचे शेवटचे दिवस लोणावळ्याच्या बंगल्यात काढत. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. ते व्हरांड्यात चहा घेत होते. मलाही कप मागवला. माझं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं.

"कुंकू लावलेली, चुडा भरलेली बाई पाहून कोण मदत करेल?" ते म्हणाले. "ती आपल्या घरातल्या बायकांपेक्षा सुखी दिसते."

"तिचं मूल वाचलं म्हणून ती सुखी दिसते. हँडबिल त्यासाठीच होतं."

"लोक सुखाला मदत करत नाहीत. तुम्ही वर्तमानपत्रातले, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"तिचा नवरा जिवंत आहे, रावसाहेब."

"हँडबिलावर तिचं नाव आहे का?"

"नाव नाही. तोंड आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. तळमळीनं सांगावं तसं ते सांगू लागले. प्रसूतिगृह झालं तर किती बायका वाचतील, त्यापुढे एका कुटुंबाची थोडी गैरसोय म्हणजे काय, आणि खेड्यातली माणसं चार दिवसांत विसरतात. दुरुस्ती छापली तर मात्र हितशत्रूंच्या हातात कोलीत मिळेल. संस्थेनं एक चित्र खोटं छापलं म्हटल्यावर सगळीच चित्रं खोटी ठरतील. त्यापेक्षा लग्नाला संस्थेतर्फे बाईला लुगडं-चोळी पाठवावी. वाटल्यास आपण स्वतः लग्नाला जाऊ.

हा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या खटपटीमुळेच कामशेतला दवाखाना उभा राहिला होता. पण गरिबाच्या अंगावरून काय काढून घ्यायचं, हे गरिबाला न विचारता ठरवण्याचा हक्क त्याला दवाखान्याबरोबरच मिळाला, असं तो धरून चालला होता. दान मागण्यासाठी त्यानं एका बाईचं कुंकू पुसलं आणि त्याला तो किनार पुसण्याइतकाच किरकोळ बदल वाटला. त्या व्हरांड्यात मला राग आला तो याचा.

मी म्हणालो, निरोप मी पोचवतो. पण दुरुस्ती छापावी लागेल.

"कुणाच्या चुकीची?" त्यांनी विचारलं. आतून एक फाइल मागवली आणि माझं प्रूफ काढलं. "सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग चूक प्रसिद्धी-विभागाची. कमिटीपुढे गेलात तर मला हेच दाखवावं लागेल."

वकिलाचं बोलणं होतं, चोख. मी प्रूफ हातात घेऊन सही पाहिली. त्या कागदावर माझी सही एका रिकाम्या चौकटीखाली होती. त्या चौकटीत पुढे कुणी काहीही भरलं असतं तरी ते मला मान्य होतं, असाच त्या सहीचा अर्थ होता.

"ठीक आहे," मी म्हणालो. "चूक माझ्या सहीनं झाली, तर दुरुस्तीही माझ्या सहीनं निघेल."

ते हसले. "तुमच्या सहीला बाहेर कोण विचारतं?"

त्याच संध्याकाळी मी धोंडिबाच्या वस्तीवर गेलो. लुगडं-चोळीचा निरोप सांगितला, कारण सांगतो म्हणालो होतो. धोंडिबा म्हणाला, "लुगडं ऱ्हाऊ द्या. माज्या मरनाचा कागद तेवडा मागं घ्या."

मग मी दुरुस्तीचा मजकूर वाचून दाखवला. पहिलं हँडबिल छापण्याआधी त्यांना कुणीच वाचून दाखवलं नव्हतं. हौसाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. मी लिहिलं होतं : 'आमच्या हस्तपत्रकातील चित्रात दाखवलेली बाई सवाष्ण असून तिचे पती हयात आहेत.' तिनं मला थांबवलं.

"नाव घाला."

मी म्हणालो, नाव घातलं तर आणखी बोभाटा होईल.

"तवा नाव न्हवतं, म्हनून तुमी मला कुनीबी केली," ती म्हणाली. "आता घाला. माजं घाला, ह्यांचं घाला, सोनीचं घाला."

माझ्या नऊ वर्षांच्या उपसंपादकीत मजकुरात याहून योग्य दुरुस्ती कुणी सुचवली नव्हती. मी नावं घातली. शेवटी लिहिलं : 'मूळ फोटोतील कुंकू, मंगळसूत्र व बांगड्या आमच्या कचेरीच्या सूचनेवरून पुसण्यात आल्या. सदर बाईचा विवाह एकदाच झाला असून मुलगी सोनी ही धोंडिबांचीच होय. यात त्या कुटुंबाचा काही दोष नाही.' खाली माझं नाव आणि हुद्दा.

पुण्याच्या छापखान्यातल्या फोरमननं विचारलं, रावसाहेबांची परवानगी आहे का? मी विचारलं, आजवर कुणाच्या सहीवर छापत होता? तो म्हणाला, तुमच्याच. मग छापा, मी म्हणालो, खर्च माझा. धुऊन काढलेल्या फोटोचा नवा ब्लॉक झाला होता. कागद तोच, आकार तोच, वर संस्थेचं नाव त्याच टाइपात. हे मी मुद्दाम केलं. चूक ज्या जागी आणि ज्या मापात झाली, त्याच जागी आणि त्याच मापात दुरुस्ती झाली तरच ती दुरुस्ती. आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा टाकून मोकळं व्हायचं, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं आणि केलंही होतं. यावेळी ब्लॉक चौकटीत बसेपर्यंत मी मशीनपाशी उभा राहिलो. चित्र, ओळ आणि मजकूर एकत्र पाहून सही केली.

गठ्ठा घेऊन मी कामशेतला उतरलो. स्टेशनच्या भिंतीवर, बाजाराच्या नाक्यावर, भाताच्या वखारीच्या दारावर, जिथे जिथे पहिलं चिकटवलं होतं तिथे त्याच्यावरच दुसरं चिकटवलं. खळीची बादली धोंडिबानं धरली होती. बाजारातला एक जण म्हणाला, "कैलासवासी, परत आला व्हय?" धोंडिबा म्हणाला, "आलो. सायबानं तिकीट काढलं."

तिथून आम्ही टाकव्याला गेलो. लग्नाला तीन दिवस राहिले होते.

गेनबा साठीचा होता, सावकाश बोलणारा. त्यानं दोन्ही कागद घोंगडीवर शेजारी शेजारी ठेवले. वाचता येत नव्हतं, पण त्यानं बोट एका चित्राच्या कपाळावरून दुसऱ्याच्या कपाळावर नेलं. मी दुसरा कागद वाचून दाखवला.

"ह्यातला खोटा कंचा?" त्यानं विचारलं.

"पहिला, आबा."

"छापला कुनी?"

"आम्ही."

"आन् दुसरा?"

"तोही आम्हीच."

गेनबानं मान हलवली. "मंग तिसरा कवा येनार?"

ओसरीवरची माणसं हसली. मला हसू आलं नाही, धोंडिबालाही नाही. हा प्रश्न कोर्टातही टिकला असता. मी मूळ फोटो काढून दाखवला. त्यावर तो म्हणाला, पाण्यानं निघतं तसं पाण्यानं चढतही असेल. तेही खरंच होतं. माझ्या धंद्यातला एकेक पुरावा तो बाजूला ठेवत गेला आणि एकदाही तो चुकला नाही.

शेवटी त्यानं दुसरा कागद पुन्हा उचलला. "खाली नाव कुनाचं?"

"माझं."

"तूच का त्यो?"

"होय."

"आन् चूक आमची, असं तूच लिवलंय?"

"होय."

"नोकरी ऱ्हाईल?"

मी म्हणालो, बहुतेक नाही.

गेनबानं कागदाची घडी केली. मग शेजारी बसलेल्या भावाला म्हणाला, "चांगलं समदेच छापत्यात. आपली चूक कोन छापून वाटतं? ह्ये खरं असंल." आणि धोंडिबाकडे वळून म्हणाला, "हळद दळा."

लग्न ठरल्या दिवशी झालं. हळद दळायला ज्या पाच सवाष्णी बसल्या त्यांत हौसाबाई पहिली होती. मी तिथे होतो, पण कॅमेरा नेला नव्हता. रावसाहेब आले नाहीत. लुगडंही आलं नाही.

कमिटीनं महिनाअखेर मला मुक्त केलं. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही, ते मी धरूनच चाललो होतो. संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्या वर्षीच्या अहवालात एक वाक्य आहे : 'प्रसिद्धी-विभागाकडून अनवधानाने झालेली एक चूक संस्थेने तातडीने दुरुस्त केली.' पेन्सिलीच्या सूचनेला अनवधान म्हणतात, हे मला त्या वाक्यानं शिकवलं. दुसरीकडे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पुढे कित्येक महिने नाणे मावळातल्या बायका मूल घेऊन ओट्यापर्यंत येत आणि आधी विचारत, फोटूवाला हाय का? असेल असं वाटलं तर आजारी मूल घेऊन तशाच परत जात. हे अहवालात नाही. हँडबिलाला मिळालेला 'उदंड प्रतिसाद' मात्र आहे.

मी परत वर्तमानपत्रात गेलो. तिथे पुढे पुष्कळ वर्षं रोज प्रुफं पाहिली. एक नियम तेवढा सोडला नाही. चौकट रिकामी असेल तर सही नाही. ब्लॉक येईपर्यंत मशीन थांबतं, गाडी चुकते, फोरमन चिडतात. नव्या उपसंपादकांना वाटतं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे. त्यांना मी एवढंच सांगतो की मशीन थांबल्यानं कुणी मरत नाही.